तिसरा रकाना

नोव्हेंबरातला मंगळवार, संध्याकाळचे साडेपाच,
आणि वेल्सच्या या दरीत केव्हाचीच रात्र.
या डोंगरातून एकेकाळी पाटीचा दगड निघायचा,
आता नुसतं पाणी निघतं.
जेवणाच्या हॉलमध्ये दुपारच्या कोबीचा वास.
मोठ्या खुर्च्या अकराच,
म्हणून उरलेले आईबाप बसले पहिलीच्या खुर्च्यांवर,
गुडघे हनुवटीशी, ओले कोट मांडीवर,
जणू कुणीतरी त्यांना पुन्हा वर्गात थांबवून घेतलंय.

मी शाळेची कारकून. इतिवृत्त लिहिते.
कोण काय बोललं ते लिहायचं,
कुणी काय गिळलं ते नाही.

आइर्लिसबाईंनी भिंतीवर कागद लावला,
दोन माणसांच्या उंचीचा, तीन रकान्यांचा:
काय. कधी. कोणी.
"मागचा आराखडा मी एकटीने लिहिला," त्या म्हणाल्या,
"ईस्टरच्या सुट्टीत. चौदा पानं.
तपासनीस खूश होते.
कुठे आहे तो आता, सांगेल कुणी?"
मला ठाऊक होतं:
मधल्या कपाटात, नाताळच्या कागदी मुकुटांखाली.
मी पेनाचं टोपण काढलं आणि लावलं.

पिवळ्या चिठ्ठ्या वाटल्या.
पहिली आली: गाड्या उभ्या करायला जागा.
दुसरी: जागा, गाड्यांसाठी.
तिसरी: फाटकापाशी गाड्या!!!
तिसरीच्या हेलेडबाईंनी काहीतरी लिहिलं,
वाचलं, चुरगाळलं, खिशात घातलं.
हीटर खोकत राहिला.

तेव्हा चहाच्या पिंपाआडून नेस्टा बोलली.
नेस्टा स्वयंपाकघरातली, तिला चिठ्ठी कुणी दिलीच नव्हती.
हातातलं फडकं खाली न ठेवताच म्हणाली:
"सोमवारी पोरं तीन-तीनदा वाढून घेतात.
शुक्रवारी नाही.
सोमवारी."

बस, एवढंच.
आणि मग हॉलमध्ये जी शांतता पडली
तिला मी इतिवृत्तात काय म्हणू?
लाउरीने कोटाचं एकच बटण
लावलं, काढलं, लावलं.
कुणी छताकडे, कुणी बुटांकडे.
आराखड्यातलं पहिलं उद्दिष्ट होतं
'सोमवारच्या गणित चाचणीत सुधारणा',
ते तिथेच होतं, निळ्या अक्षरांत, सगळ्यांच्या डोक्यावर.
आणि माझ्या टेबलाच्या खणात हजेरीपट,
सहा वर्षांचे सोमवार,
उशिराच्या लाल खुणा. माझ्याच हातच्या.
मी मोजल्या होत्या. बेरीजही बरोबर आली होती.

मायरिग पावाची गाडी चालवतो.
तो उठला, आणि चिमुकली खुर्ची त्याच्याबरोबरच उठली.
कुणी हसलं नाही. मग सगळेच हसले.
खुर्ची सोडवता सोडवता तो म्हणाला,
"आठच्या आत मी इथूनच जातो. ताजाच असतो पाव.
शिळा नाही देणार."
दारापाशी चाबकासारखा ताठ उभा इडवाल,
कुलूप लावायला कधीचा खोळंबलेला:
"बॉयलरसाठी दार मी साडेसातला उघडतोच."
"कोणासाठी पण?" मागून कुणी विचारलं,
"म्हणजे, कोणत्या मुलांसाठी?"
लाउरीचा हात बटणावर थांबला.
हेलेडबाई पटकन म्हणाल्या, "मला भूक लागते सकाळी.
मी येईन. बसेन त्यांच्यात."

मी लिहिलं: सोमवारी न्याहारी, सर्वांसाठी.
'सर्वांसाठी'खाली रेघ मारली,
इतिवृत्तात रेघा मारायच्या नसतात तरी.

गाड्यांचं काही ठरलं नाही.
सात चिठ्ठ्या, त्यावर पुढच्या महिन्यात बैठक,
तिथे भांडण होणार हे मी आत्ताच लिहून ठेवू शकते.

सगळे गेल्यावर नेस्टा भिंतीपाशी आली.
तिसऱ्या रकान्यात आइर्लिसबाईंच्या हस्ताक्षरात
मायरिग, इडवाल, हेलेड, आणि खाली ती.
एकतीस वर्षं इथे रांधतेय,
पगाराच्या पावतीशिवाय तिचं नाव कुठल्या कागदावर नव्हतं.
चष्मा कपाळावर चढवून तिने जवळून पाहिलं,
फडक्याने बोट पुसलं,
आणि मला म्हणाली,
"लॉइडमध्ये सुरुवातीला दोन एल असतात, बाई.
एक खाल्लाय तुम्ही."