एकशे चाळीस प्लेटा

प्लेटा एकशे चाळीस.
टेकू दोनशे दहा, त्यातले अकरा वाकडे.
मिक्सर एक, त्याचा पट्टा दर तिसऱ्या स्लॅबला तुटतो.
आणि गवंडी अर्धा,
कारण खाजामियाँ दुपारनंतर
जावयाच्या रसवंतीवर बसतात.

वहीच्या पहिल्या पानावर एवढंच.
दुसऱ्या पानावर उदगीरचे चार स्लॅब:

अंगणवाडी. एकतीस मार्चला निधी परत जाणार.
वजूखाना, दर्ग्यामागचा. रमजान लागायच्या आत.
शेषाबाईंचं घरकुल. छताचा फोटो चढला तर पुढचा हप्ता.
बिरादार शेठचा हॉल. पत्रिका छापून झाल्यात,
पत्त्यात हॉल आहे,
हॉलवर आभाळ आहे.

सगळेच म्हणतात, आमचं आधी.
आणि एकही जण खोटं बोलत नाही,
हीच पंचाईत.

भरायला एक दिवस लागतो, धरायला चौदा.
त्या चौदा दिवसांत कुणी घमेलं उचलत नाही,
कुणी शिव्या देत नाही, चहा येत नाही.
लोक जाता-येता म्हणतात, काम बंद पडलंय वाटतं.
काम चालू असतं.
सिमेंट एकटंच करत असतं,
आणि माझं सगळं भांडवल
त्याच्याखाली दातओठ खात उभं असतं.

पुतण्या ओमप्रसाद, पॉलिटेक्निकचा,
त्यानं मोबाईलवर रंगीत पट्ट्या काढल्या.
एक संपली की दुसरी, खो खो सारख्या.
काका, बावीस दिवस वाचले.
त्याच्या पट्ट्यांत मिक्सरचा पट्टा तुटत नव्हता.
खाजामियाँ पूर्ण होते.

मी म्हटलं, पाणी कुठं दाखवलंस?
तो गप्प.
मीही जरा गप्पच झालो,
तीस वर्षांच्या माझ्या वहीतही
पाण्याला रकाना नव्हता.
नळ आठव्या दिवशी येतो.
ओली पोती आठ दिवस
कुठल्या भरवशावर ओली राहणार?

जारच्या प्लँटवाली सईदाबी म्हणाली,
वीस लिटर भरलं की तीस लिटर गटारात जातंय.
माणसाला चालत नाही, पोत्याला चालत असंल तर न्या.

पाईप माझ्याकडे दोनशे फूट.
मग दोनशे फुटांनीच सगळं ठरवलं.
वजूखाना पाईपच्या टप्प्यात: अडतीस प्लेटा.
भिंतीपलीकडे शेषाबाई: साठ.
दोन्ही एका दिवसात भरले.
उरल्या बेचाळीस, त्या उन्हात पडून.
अंगणवाडीला एकशे दहा लागतात.
बेचाळीस प्लेटांत अंगणवाडी होत नाही,
हे सरपंचाच्या मेहुण्याला समजावण्यात
दोन दिवस गेले, तेही वहीत लिहिले.

नवव्या दिवशी शेठचा मुनीम आला.
दिसतोय की कडक, काढा खालच्या प्लेटा.
भाडं दुप्पट.
दुप्पट म्हणजे नवा पट्टा, शिवाय टेकू पंधरा.
मी मुंजाजीकडे बघितलं.
तो वर चढला, हातोड्याच्या दांड्यानं दोनदा वाजवलं,
कान लावला,
आणि खाली न बघताच म्हणाला,
आजून कच्चं बोलायलंय.

मुनीम गेला. लग्न मांडवात झालं.
मला पत्रिका होती, मी गेलो नाही.
शेषाबाईच्या सुनेनं पाईप धरून धरून
हाताला साल काढून घेतलं,
ते मात्र मी कुठल्याच पानावर लिहिलं नाही.

सत्तावीस नंबरच्या प्लेटेला एक ठिगळ आहे,
वेल्डिंगचं, बोराच्या पानाएवढं.
जिथं ती लागते तिथं छताला त्याचा ठसा राहतो.
अंगणवाडीत पोरं झोपवली की
ती त्याच्याकडे बघत पडतात, कुणी मासा म्हणतं, कुणी कान.
वजूखान्यात तो तिसऱ्या तोटीवर आहे.
शेषाबाईच्या चुलीवर, आता काळा पडला.

हॉलमध्ये शेठनं खालून पीओपी मारून घेतलं,
गुलाबाची फुलं, झुंबर.
तिथंही आहे तो,
झुंबराच्या हातभर डावीकडे.