दोन गाऊन

इतवारीत, पिंजरा स्कूटीला सुतळीनं बांधताना
रज्जाकभाई म्हणाले, "बाई, चाळीस दिवस
याले त्याच्यासमोर आणू नोका.
दाणा पयले जुन्याले. हाक पयले जुन्याले.
नवा दोन मिनिटं उपाशी राह्यला तं चालते,
जुना रुसला तं वर्ष जाते."

मे महिना. पारा सत्तेचाळीस.
घरात कूलर एकच, तो पुढच्या खोलीत,
जिथं माझं पिको-फॉलचं मशीन आणि फुटाणा.
मागची खोली पत्र्याची.
नव्याला तिथं ओल्या चादरीआड टांगलं
आणि नाव ठेवलं मुरमुरा.
मग वाटलं, हेही भट्टीतलंच नाव झालं.

दोन गाऊन ठरवले.
पुढच्या खोलीचा निळा, मागच्याचा चौकडीचा.
मधे मोरीत कोपरापर्यंत डेटॉल,
तसंच, जसं मेडिकलच्या त्या वॉर्डात
प्रमिलाला भेटायला जाताना धुवायचे.

फुटाणा सात वर्षांचा.
बॉबिन भरताना चाकाबरोबर डोलतो,
गिऱ्हाइकांच्या ब्लाउजच्या टिकल्या उपटतो,
दिवेलागणीला खांद्यावर मान खाली घालून उभा:
खाजव. अजून. तिथं नाही, इथं.
त्याच्या पिसांची भुकटी माझ्या पदरावर असते.
शेअर ऑटोतल्या बायका
पावडर सांडली म्हणून झटकून देतात.

मग दुसरा कशाला?
जानेवारीपासून मी धरमपेठेत बुटिकात जाते,
अकरा ते आठ.
मार्चमध्ये त्यानं छातीची पिसं उपटली.
रुपयाएवढं गुलाबी कातडं.
मी बोट ठेवलं तर ओरडला नाही,
फक्त बोटाकडे बघत राहिला.

पहिला आठवडा मागच्या खोलीत झोपले,
टेबलफॅन मुरमुऱ्याकडे, पाय माझे दाराकडे.
तो पंख अंगापासून सुटे धरून, चोच उघडी.
पुढून फुटाणा रात्रभर
आपली सगळी पुंजी ओतायचा:
माझी रिंगटोन, मिक्सर,
कुळमेथे सरांच्या स्कूटरचा हॉर्न.
सकाळी सर विचारायचे,
"काऊन जी, कोण आलं होतं रात्री?"

बाराव्या दिवशी कूलर मधल्या दारात ओढला.
अर्धं वारं इकडं, अर्धं तिकडं.
कुणालाच पुरलं नाही.
रज्जाकभाईंना हे सांगितलेलं नाही.

अठराव्या दिवशी बुटिकाला उशीर, घाई,
आणि मी चौकडीच्या गाऊनमध्येच पुढं आले.
फुटाण्यानं तुरा डोक्याला चिकटवला.
बाही चावली. मग एक चौकट नीट निरखली,
जसं एखादं बिल निरखावं.
तेवढ्यात मागून मुरमुरा बारीक चिवचिवला,
आणि यानं उत्तर दिलं.

काय उत्तर दिलं?
माझी घरी आल्याची शिट्टी.
चार सूर, शेवटचा चढता.
सात वर्षं ती आमच्या दोघांतच होती,
जिन्यातून मी आणि आतून तो.
त्यानं ती देऊन टाकली,
न विचारता, एका भिंतीपलीकडे,
ज्याचं तोंडही पाहिलं नव्हतं त्याला.

त्या दिवशी एका लेहंग्याचा फॉल उलटा लागला.

एकेचाळिसाव्या दिवशी पिंजरे शेजारी ठेवले.
दाणा आधी जुन्याला, सांगितल्याप्रमाणं.
जुन्यानं पाहिलंसुद्धा नाही.
तो गजातून डोकं पुढं करून उभा:
खाजव. अजून. तिथं नाही, इथं.
आणि मुरमुऱ्याला कुठं ते लगेच कळलं.

परवा बऱ्याच दिवसांनी खांद्यावर आला.
बोट छातीवरून फिरवलं तर टोचलं,
नवी पिसं, अजून नळीतली.
कुणामुळं आली, ते मी विचारलं नाही.
मुरमुरा मशीनच्या चाकावर बसून बघत होता.
हातावर येत नाही तो अजून.

हल्ली आठला जिन्यात थांबते.
कुलूप काढत नाही, शिट्टी वाजवत नाही.
आत चार सूर उठतात,
मग तेच चार, शेवटचा जरा घसरलेला,
मग पुन्हा नीट, समजावून.
कुळमेथे सर दार उघडून म्हणतात,
"किल्ली विसरल्या काय?"
मी बोट ओठांवर ठेवते.