ऐरोलीची सातची बोट

आत्याने बार्शीहून येताना
शेंगाचटणीच्या डब्याखाली घडी करून आणलं होतं
पतपेढीच्या कॅलेंडरचं फेब्रुवारीचं पान.
त्यावर खाडी, खाडीत पाणी कमी आणि पक्षी जास्त,
सगळे कुंकवात कालवलेल्या अक्षतांच्या रंगाचे.
“ह्ये दाव,” म्हणाली. चहासुद्धा नको झाला.

नारिंगी जॅकेट तिने पदरावरूनच चढवलं.
पट्टा आवळून घेता घेता बोटवाल्याला विचारलं,
नाव काय रं तुजं, लगीन झालं का.
भूषण वैती. ठरलंय, मे महिन्यात.
एवढं कळेपर्यंत धक्का मागे पडला.

मग खारफुटी. मग विजेचे मनोरे.
मग पूल, त्यावर मुलुंडकडे निघालेले ट्रक.
मग बराच वेळ नुसता चिखल,
आणि चिखलाला वास असतो
हे कॅलेंडरवाल्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं.

भूषणने इंजिन बंद केलं. “ते बघा.”

बघितलं.
लांब, फारच लांब, पाण्याच्या काठाला
कुणी धुणं वाळत घालून विसरून गेल्यासारखी
एक राखाडी ओळ.
पुढच्या बाकावरच्या मुलाने मोबाइलमध्ये ती ताणत ताणत
तिचे नुसते चौकोन केले.
त्याच्या वडिलांनी माणशी किती पडले
ते मोठ्याने मोजलं.
“कुटं हाईत रं?” आत्या म्हणाली. “ही तर बगळी.”
“पिल्लं आहेत, मावशी. रंग खाण्यातून चढतो.
दोन-तीन वर्षं ह्याच चिखलातलं खाल्लं की मग गुलाबी.”

आत्याने माझ्याकडे पाहिलं.
मी एकवीस वर्षं इथलंच खातोय.

खरं तर ते कॅलेंडर आधी मीच छापलं होतं,
दर दिवाळीला फोनवर, एकेक पान:
घणसोलीत जागा घेतली, खिडकीतून खाडी दिसते,
साहेब मला विचारल्याशिवाय सही करत नाहीत,
रविवारी आम्ही दोघं पाम बीचला चक्कर मारतो.

काल संध्याकाळी तिने पिशवी टेकवली आणि आधी पडदा सारला.
समोर दुसरी इमारत, तिचे एसीचे डबे,
डब्यांवर कबुतरं.
“आन् खाडी?”
मी तिला न्हाणीत नेलं.
पालथ्या बादलीवर उभं राहून, जाळीला गाल लावून,
मान डावीकडे वळवली
तर पाण्याच्या दोन टाक्यांमधून
बोटभर काहीतरी चकाकतं. भरती असेल तर.
काल ओहोटी होती.
एकाहत्तर वर्षांची बाई माझा खांदा धरून खाली उतरली.
“वारं मात्र झ्याक येतंय,” म्हणाली.
वृंदाबद्दल तिने काही विचारलं नाही,
पलंगावर एकच उशी पाहूनही.

परतताना चौकात रिक्षा थांबवायला लावली.
तिथे लोखंडाचे दोन फ्लेमिंगो, माणसाहून उंच,
कुणीतरी डबाभर रंग हात न आखडता फासलेले.
त्यातल्या एकाचा पाय धरून ती उभी राहिली,
डोक्यावरचा पदर नीट करून. “हां. आता काड.”

रात्री मी कणीक मळत होतो. बाहेर तिचा फोन चाललेला,
बार्शीपर्यंत तारेशिवाय ऐकू जाईल इतका मोठ्याने:
“काय सांगू आनशे, समदं पानी गुलाबी!
डोळं दिपत्यात. बोट आपली त्यांच्या मदनंच गेली.
एक तर माज्या हातासंगं आलं.
घर? खिडकीतनंच खाडी, बसल्या जागी.
सून? हाय की. लई गुणाची. आत्ता कामावर गेलीया.”

कणकेत पाणी जास्त झालं.
मी पीठ घालत राहिलो, पुन्हा पाणी, पुन्हा पीठ.
दोघांपुरती कणीक चौघांची झाली.

आत्या आत आली, ओट्याला टेकली.
परात बघितली, बोलली नाही.
मग चटणीच्या डब्याचं झाकण उघडता उघडता म्हणाली,
“आनशी येती म्हनतीया, फुडल्या माघात.
तवर रंग चडंल का रं त्या पिल्लांना?”