निरंक

बुधवारी दुकानाला लाइट नसते.
जळालेल्या मोटारी पोटं उघडून बाकावर पडलेल्या असतात.
त्यांच्यातूनच उरलेल्या तांब्याच्या तारेचं वेटोळं
काठीच्या टोकाला बांधून
मी केळणेच्या काठी पांढरीवर जातो.
कानात हेडफोन. खिशात चमचा.
खुरपं नेत नाही; खुरपं दिसलं की भोकरदनात
तीन माणसं विचारतात, कोणाच्या शेतात?

ही राखट माती लोकांनी गाड्या भरभरून नेली,
धाब्यावर टाकली, पाऊस आत येऊ नये म्हणून.
म्हणजे एक जुनं गाव
नव्या गावाच्या डोक्यावर बसलेलं आहे
आणि खाली लोक टीव्ही बघत जेवतात.

यंत्र बोलतं. लोखंडाला घोगरं, तांब्याला बारीक,
देशीच्या झाकणाला मात्र थेट चांदीसारखं.
सात वर्षांत एवढंच शिकलो:
गोड आवाज आला की आधी बूच समजावं.

बैलांच्या पत्र्या. कुळवाच्या फाशीचा तुकडा.
वीस पैशाचं षटकोनी, फुंकरीनं उडेल असं.
निजामाचा एक आणा.
मधोमध भोक असलेला पैसा,
जो कुणीतरी वायसर म्हणून बोल्टात घातला होता,
आणि बोल्ट अजून घट्ट होता.

एक लिंबूवाला येऊन गेला.
म्हणाला, अवसेला मशीन आणा, निम्मं तुमचं.
मी म्हणालो, अवसेला माझ्याकडं वायंडिंग असतं.

मागच्या माघात आवाज आला तो धड आलाच नाही,
कुणी झोपेत खोकावं तसा.
चमच्यावर बोराएवढं शिसं.
थुंकी लावून पुसलं, तर हत्ती.
सोंड वर. पाठीवर कुणी नाही.
मागच्या बाजूला चार वर्तुळं, अधिकच्या खुणेनं जोडलेली.
मला आधी चार पोलची मोटारच वाटली.
कडेला भोक.
त्या भोकानं दोन रात्री झोप नाही.

तहसीलला नेऊन दिलं. नियम आहे.
कळंत्रे साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला,
नोंद कशात घ्यायची म्हणाले,
गौण खनिजात की बेवारस मालात?
शेवटी लिहिलं: शिशाचा तुकडा, एक.
छिद्र, एक. किंमत, निरंक.
पोचपावतीवरचा शिक्का मात्र झकास उमटला.

परवा भोईवाड्यातून येत होतो,
यंत्र बंद करायचं राहून गेलं.
एका भिंतीपाशी कान फाटायची वेळ आली.
धुरपताबाई लिंबोऱ्यांचं फेकजाळं वाळत होतं
आणि त्याच्या झालरीला
हत्ती.
मोजले. सत्तावीस.
काही पाण्यानं झिजून नुसती पाठ उरलेले.

"सासऱ्यानं ववलेत. शिसं इकत कोन घेतंय?"

मी भाव विचारला.
विचारताना लाज वाटली, तरी विचारला.
तिनं जाळ्याची एक बाजू उचलून दाखवली,
तिथं दोरा मोकळाच.
"हितला तुटून पडला, पांढरीकडं जाळं झाडताना.
तवापासून ह्या अंगाला जाळं टेकत न्हाई.
मासा बराबर हितूनच निघतो.
तुमाला घावला का, मशीनवाले?"

पावती खिशातच होती, चार घड्या घातलेली.

रात्री लाइट आली.
जुन्या बॅटरीचं शिसं पळीत वितळवून
एक गोळी ओतली, चपटी केली, कडेला भोक पाडलं.
खिळ्यानं हत्ती काढून पाहिला;
डुकरासारखा झाला, म्हणून पुसला.

धुरपताबाईनं ती तळहातावर तोलली,
दातानं दोरा तोडला.
"बसंल," म्हणाली.

पहाटे धरणावर मीही गेलो, यंत्र न घेता.
जाळं हवेत गोल उघडलं
आणि सत्तावीस हत्ती, एक कोरा,
सगळे एकदम पाण्याखाली गेले.

पहिली फेक निरंक.
दुसरीत एक मरळ, पावशेराची.