शेजार

यल्लाप्पा सातपुते, वय बावन्न, सुभाषनगर.
उजव्या हाताचं दुसरं बोट.
चिठ्ठीवर एवढंच,
आणि कापसाच्या काडीवर थेंबभर हिरवट पू.

"नुसती आरी लागलीया ओ," खिडकीशी म्हणाला होता,
"आमच्या धंद्यात आरी लागतीयाच."
बोट त्यानं रुमालात असं धरलं होतं
जसं दुसऱ्याचं पोर धरावं,
सांभाळून, अंगापासून जरा लांब.

संध्याकाळी काडी तबकडीवर फिरवली.
मेंढीच्या रक्ताची तबकडी, लाल, गार.
सदतीस अंशांच्या कपाटात ठेवून
शेवटची केएमटी पकडायला धावले.

सकाळी झाकण उचललं तर द्राक्षांचा वास.
जमादार मॅडम वासावरूनच नाव सांगतात.
मी मात्र कडेची रेघ बघत बसले.
इकडं पांढरे, बुटके, कातडीवरचे जुने रहिवासी,
तिकडं पसरट, हिरवी झाक असलेले, नवे.
मध्ये केसाएवढी ओसाड जागा.

पांढऱ्यांना हा लांबूनच मारतो,
विहिरीत काही कालवावं तसं.
पण अंगाला अंग लागलेला कुणी असेल
तर त्याच्यासाठी वेगळी सोय आहे:
पेशीच्या आत आवळून बसलेली नळी,
नळीला टोक, टोकाला विष.
क्षणात सुटते, शेजाऱ्याच्या भिंतीतून आरपार.
आरीच की!
मी हसले, आणि मग रुमालातलं बोट आठवलं.

"स्वतः होऊन टोचत नाही हा," मॅडम म्हणाल्या,
"याला कुणी टोचलं की मगच,
आणि ज्या बाजूनं टोचलं त्याच बाजूला उलटा वार.
आपल्या पेठेतला शोभतो."
सख्ख्या बहिणींना मात्र काही होत नाही.
विषाचा उतारा त्यांच्या पोटात आधीच असतो,
जन्मतःच, वाटणीत आलेला.

रिपोर्टला आला तेव्हा तासभर बसला.
शेजारच्या पिराजीनं म्हणे
कातडं वाळवायची फळी वीतभर पुढं सरकवली.
"त्या तंट्यात ध्यान न्हवतं बघा,
वीतभर जागंपायी आरी बोटात."
मग मेडिकलमधून चार गोळ्या,
दोन दिवस घेतल्या, बरं वाटलं, सोडल्या.
यात्रेची चाळीस जोडांची ऑर्डर होती.

मी त्याला सांगितलं नाही सगळं.
गोळ्यांनी मेले ते पांढरे,
जे वर्षानुवर्षं त्याच्या घामावर जगत होते
आणि त्या बदल्यात जागा अडवून बसत होते.
हिरव्याला त्या गोळ्यांचं काहीच नव्हतं.
त्याला फक्त रिकामी जागा दिसली.
कोल्हापुरात रिकामी जागा किती दिवस राहते?

बोट त्यांना नको होतं.
रक्तातलं लोखंड हवं होतं, थोडी ऊब,
पाय टेकायला कड.
आपण ज्याला ताप म्हणतो, ठणका म्हणतो,
तो त्यांच्या लेखी
भिंतीपलीकडून येणारा कसलातरी आवाज.

औषधांच्या सहा चकत्या मांडल्या.
चारांच्या कडेपर्यंत तो दाट, शेवाळासारखा.
दोनांभोवती स्वच्छ गोल.
त्या दोनांची नावं लाल शाईनं लिहिली.
तरी एक पेर गेलंच.

परवा सुभाषनगरात शिरले,
चप्पल घ्यायची म्हणून, खरं तर बघायला.
यल्लाप्पा डाव्या हातानं वादी ओढत होता,
आणि त्याच्या ऐरणीसमोर पिराजी,
त्याच्याच ऑर्डरीतला तिसावा का एकतिसावा जोड
मांडीत धरून शिवत होता.
दोघं बोलत नव्हते.
आरी कातड्यात शिरायची, निघायची, शिरायची.

मला सहा नंबर बसला. पैसे घेईना.
बाहेर पडताना फळीला अडखळले.

फळी अजून वीतभर पुढंच आहे.