कैरूचा उकिरडा

न्गोथोनं शेण खाल्लं
ते एका मंगळवारी, मोबाइलवर,
दूरदेशीच्या कुठल्याशा फुटबॉल सामन्यावर.
आई मळ्यात चहा खुडायला गेली होती.
परतली तर गोठ्यात दावं होतं,
दाव्याच्या टोकाला कैरू नव्हती.

वमाइथा ओरडली नाही.
तिनं दुधाची बादली पालथी घातली,
समोरच्या डोंगरावर धुकं चढत होतं ते बघितलं
आणि मका-वाटाणा घोटलेलं इरिओ वाढलं,
दोघांना सारखंच.

गोठ्यामागे तेवढा उकिरडा राहिला होता,
केळीच्या पानांनी झाकलेला,
कैरूनं आठ महिने उभारलेला.
तो विकत घ्यायला कुणी आलं नव्हतं.
पहाटे त्यातून वाफ निघायची,
गाय तिथंच आहे, नुसती आडवी झालीय, अशी.

चौथ्या दिवशी तिनं पोराच्या हाती कुदळ दिली.
"दोन फूट रुंद. दोन फूट खोल. चौदा."
उतार असा की उभ्या माणसाचा
एक पाय कायम दुसऱ्याहून लांब.
लाल माती. वरची वेगळी ठेवायची, खालची वेगळी.
रस्त्यावरून जाता जाता म्हातारा गचांजा थांबला:
"एवढ्या थडग्यांत कोण कोण?"
"अजून ठरवायचंय," वमाइथा म्हणाली.
न्गोथोनं मान वर केली नाही.

मग पाट्या.
दोन शेणाच्या, दोन वरच्या मातीच्या, कालवून आत.
तुंबुकिझा म्हणतात याला त्या डोंगरांत,
म्हणजे लोट, बुडव.
पहिल्या पाटीला त्यानं श्वास धरला,
सातव्या पाटीला नाक हरलं.
तळाशी शेण काळं, भुसभुशीत, गांडुळांच्या मालकीचं,
त्याला वास असा नव्हताच.
एका ढेकळात मक्याचा अख्खा दाणा निघाला,
कैरूच्या चारही पोटांतून
सहीसलामत बाहेर पडलेला.
तो त्यानं खिशात टाकला.
का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

नेपियरची कांडी तिरकी खोवायची.
तीन डोळे: दोन मातीत, एक वर
बघत बसायला.

उकिरड्याचे दिवस बारा वर्षांनी पालटतात म्हणे.
इथं चौदा आठवडे लागले.
गवत न्गोथोच्या डोक्यावरून गेलं,
पात्यावरून उलटं बोट फिरवलं तर रक्त.
आणि खायला कुणी नाही.

नदीपलीकडे चहा फॅक्टरीतला कारकून मुइगाई,
त्याच्या दारात बांधलेली कैरू,
तिची निघालेली हाडं,
हे सगळं गावाला ठाऊक होतं.
वमाइथानं भाव सांगितला:
एक भारा गवत, एक पोतं शेण.
मुइगाई हसला. पैसे नकोत?
"पैशातलं न्गोथोला कळतं," ती म्हणाली. "मला नाही."

आता सायकलवर भारा उतरणीला जातो,
पोतं चढणीला येतं.
जड ते नेमकं चढणीला.
हेही तिनंच ठरवलं असणार.

पहिल्या दिवशी कैरूनं त्याचं मनगट हुंगलं,
मग गवत हुंगलं, जरा जास्त वेळ,
मग गव्हाणीत मान घातली.
तो कुडाशी उभा राहून ऐकत होता.
ओलं गवत मोडताना
दोरखंड तुटल्यासारखा आवाज येतो,
एकेक पदर.

घरी पोचला तेव्हा पोतं मागच्या चाकावर गळत होतं.
आईनं कोपरापर्यंत हात आत घातला,
मूठभर काढलं, दाबलं.
बोटांच्या फटींतून पाणी आलं.
"ओलं आहे," म्हणाली, "पानं घाल वर,
नाहीतर सगळा कस पावसात वाहून जाईल."

कुदळ दिल्यापासून
ती त्याच्याशी एवढं लांब बोलली नव्हती.
तो केळीकडे गेला,
कोयता न घेताच.