दर दीड फुटावर

आर्डिथ नायगार्ड, वय अडुसष्ट,
डुलूथची टेकडी न्यूट्रलमध्ये उतरून
माझ्या शेडच्या दारात गाडी उभी करते.
पासष्ट सालची फोर्ड, स्टेशन वॅगन,
होडीएवढी लांब,
दोन्ही कुशींना लाकडाचे पट्टे.

म्हणते, हिच्यातलं सोज्वळ तेवढं काढून टाक.
हँडलं काप, भोकं बुजव,
नाकावरचं नाव खरवड,
बूड रस्त्याला टेकेल इतकी खाली बसव
आणि रंग दे जांभळा,
असा चमकीचा जांभळा
की आईनं चर्चच्या दारात पाहिला असता
तर बटाट्याच्या सॅलडचं भांडं सुटलं असतं हातातून.

बरं, म्हटलं.
मी विचारत नाही, घासतो.

मार्च. सरोवर अजून गोठलेलंच.
चाकांच्या कमानी गेलेल्या.
आमच्याकडे कुणी मिठाला जागत नाही,
मीठच लोखंड खातं, पाच-पाच महिने.

हीट गन लावली, लाकूड सोलायला घेतलं.
कंपनीचं असतं तर आलं असतं
चिवट, नखाएवढ्या तुकड्यांनी.
हे आलं सरसर,
उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखं.
तेव्हा दिसलं:
लाकडातली ती डोळ्यासारखी गाठ
दर दीड फुटावर पुन्हा तीच.
असं झाड नसतं.
कागद असतो,
स्वयंपाकघरातल्या फळ्यांना लावायचा.

खाली मूळचा निळा, ऊन न लागलेला.
मागच्या उजव्या दारात हा एवढा पोचा,
पुट्टी भरलेली,
लोणी लावायच्या सुरीनं असावी.

फोन केला. आली.
चष्मा कपाळावर ढकलून
पोच्यावरून बोट फिरवत राहिली.
"आमची साधीच होती गं बाई," गाडीलाच म्हणाली.
"लाकडाची घ्यायला पैसे कुठले.
एका शनिवारी बाबा बर्फावर मासे धरायला गेले,
परत येतात तो अंगणात लाकडाची!
आई म्हणाली, सध्या हीच फॅशन आहे.
समोरच्या मिसेस हॉग्लंडनी तर
केवढ्याला पडली म्हणून विचारलं."

मग हसत सुटली, खोकला येईपर्यंत.
"आणि बाबा,
बाबा दर रविवारी त्याला पॉलिश करायचे.
लाकडाचं पॉलिश."

त्यांना ठाऊक होतं का,
हे तिनंही विचारलं नाही, मीही नाही.

जांभळा कायम. हँडलं जाणार, नाव जाणार.
"पोच्याचं काय करू?
ही पुट्टी दोन हिवाळ्यांत तडकेल."
"तडकू दे," म्हणाली,
"तेव्हा बघू कुठला कागद चिकटवायचा ते."

सोललेलं लाकूड गुंडाळून काखेत मारलं
आणि बसस्टॉपचा चढ चढू लागली.
सरोवरावरून वारा आला,
गुंडाळी सुटली,
तिच्या मागे फडफडत गेली टेकडीभर
ती गाठ, ती गाठ, ती गाठ.